बाबांचं दुखणं माझ्या छातीत

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. तरी लिहितेय... ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

बाबा बँकेतून रिटायर झाले ते इथे जयपूरलाच. बनी पार्कातलं घर सोडवेना, म्हणून अमरावतीला परतलेच नाहीत. डायबिटीस जुनाच, त्यात गेल्या वर्षी त्यांचं लिव्हर निकामी झालं. माझ्या लिव्हरचा तुकडा द्यायचं ठरलं. माझ्या तपासण्या उत्तम, बाबांच्या हृदयाची स्ट्रेस टेस्टही नॉर्मल. ऑपरेशनची तारीख मिळाली.

एका दुपारी मी सोफ्यावर बसले होते. बाबा गच्चीचा जिना चढायला लागले आणि माझ्या छातीत अशी कळ आली की डावा हात जड पडला. ते वर जाऊन टेकले — कळ गेली! दुसऱ्या दिवशी ते चढताना पुन्हा तेच.

"बाबा, छातीत दुखतंय?"

"छे! मतलब, दम लागतो थोडा. पण तुला का एवढा घाम फुटलाय?"

माझा ईसीजी साफ निघाला. दादा म्हणाला, "मनू, तू ऑपरेशनला घाबरलीयेस."

मी डॉक्टरांना म्हटलं, बाबांची अँजिओग्राफी करा. ते म्हणाले, "बेटा, टेस्ट नॉर्मल है. किडनी कमज़ोर है, ब्लीडिंग का भी डर है. रिस्क क्यों लें?"

कारण काय सांगणार? सरळ म्हटलं, "त्यांचं हृदय तपासल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही."

दादा भडकला. "त्यांच्याकडे वेळ आहे का तेवढा?"

बाबाच म्हणाले, "करू दे रे. लिव्हर तिचं आहे."

अँजिओग्राफी झाली. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद! नव्या लिव्हरमध्ये रक्त सोडतात तेव्हा हृदयावर केवढा ताण येतो, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावलं. तिथेच अटॅक येऊ शकला असता. लगेच स्टेंट टाकायचं ठरलं. मी बाहेर बाकावर छाती दाबून बसले होते. एकदम कुणी मूठ सोडावी तशी कळ गेली... आणि थोड्याच वेळात नर्स सांगायला आली, स्टेंट बसला.

ऑपरेशन पुढे ढकललं, मग नीट पार पडलं.

नंतर डॉक्टर म्हणाले, "डायबिटीज़ में कई बार दर्द महसूस नहीं होता."

"त्यांना नाही झालं," मी म्हटलं, "मग मला का झालं?"

"संयोग," म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

असेल. पण ती कळ खोटी होती असं माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही. आत्ता बाबा स्वयंपाकघरातून ओरडतायत, चहा इतका फिका का म्हणून. ओरडू देत.