सहा महिन्यांच्या आत

"औषध खराब होत नाही हो, आपण त्याला ताटकळत ठेवतो," असं ते एकदा म्हणाले होते. रुग्णालयाच्या तळघरातल्या औषधभांडारात मुदत उलटलेल्या इंजेक्शनांचं एक खोकं नष्ट करायला जायचं होतं आणि ते त्यातली एकेक कुपी दिव्याकडे धरून बघत होते. नव्यानेच आलेल्या मेट्रनबाईंनी विचारलं होतं, फेकायचंच आहे तर एवढं निरखून काय बघताय. त्यावर ते हे बोलले आणि झाकण लावून खोक्यावर सही केली.

एकतीस वर्षं ते त्या भांडाराचे प्रमुख होते. सगळं रुग्णालय त्यांना पाठीमागे तारीखराव म्हणायचं, आणि ते त्यांना माहीत होतं. घरीही सुटका नव्हती. कुणी पाहुणा आला की बायको म्हणायची, "माझी तारीख कधीच उलटून गेली, अजून शेल्फवर आहे हे नशीब समजा." ते हसायचे नाहीत. ओठ किंचित दुमडायचे, तेवढंच.

भांडाराला दोन तोंडं होती. पुढे रुंद दरवाजा, तिथे मालाचे टेम्पो लागायचे. मागे एक खिडकी, तिथून औषधं वॉर्डात जायची. दरवाजावर त्यांच्याच अक्षरातली पाटी होती: मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी अवधी असलेला माल स्वीकारला जाणार नाही. टेम्पोवाले गयावया करायचे. "साहेब, चार महिने आहेत की. तोवर वापरून होईल."

"आणि नाही झालं तर? कुठे अडकून पडलं तर? तू टेम्पो फिरवून निघून जाशील, ते माझ्या गळ्यात पडेल. चल, वळव."

खिडकीवर मात्र पाटी नव्हती. तिथे ते स्वतः असायचे. आज मध्यरात्री मुदत संपणार असलेली बाटलीसुद्धा आत्ता लागणार असेल तर ते बिनदिक्कत देत. शेवटच्या दिवसापर्यंत औषध हे औषधच असतं, असं त्यांचं म्हणणं. दरवाजाचा कायदा निराळा, खिडकीचा निराळा. या दोन कायद्यांमध्ये त्यांचा सगळा जन्म गेला आणि दोन्ही त्यांना बरोबर वाटत.

पासपोर्ट त्यांनी काढला तो ताईसाठी. ताई सात वर्षांनी मोठी. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन परदेशी गेली ती तिकडचीच झाली. मेहुणे वारले त्या आठवड्यात तिचा फोन आला. रडली वगैरे नाही. म्हणाली, "बारक्या, एकदा येऊन जा. घर फार मोठं झालंय." त्यांनी त्याच महिन्यात पासपोर्ट काढला. मग वार्षिक मालमोजणी आली, मग मुलाची परीक्षा, मग निवृत्ती, आणि निवृत्तीनंतर बायकोचे गुडघे. कारणं सगळी खरी होती. एकही खोटं कारण त्यांना कधी द्यावं लागलं नाही. पासपोर्ट कपाटात, जन्मदाखल्यांच्या फाइलीखाली, प्लॅस्टिकच्या वेष्टनात पडून राहिला. वर्षातून एकदा ते तो काढायचे, शेवटची तारीख बघायचे आणि परत ठेवायचे.

मग भाच्याचा फोन आला. ताईच्या डोळ्यांमागची नस सुकत चालली होती. उजवा डोळा गेल्यातच जमा, डाव्याचं डॉक्टर काही सांगत नव्हते; महिने म्हणत होते, वर्ष म्हणत नव्हते. ताईने मध्येच फोन घेतला. "तुझा चेहरा फोनवर आता नुसता उजेडासारखा दिसतो रे. कान कुठे, नाक कुठे, काही पत्ता नाही. समोर येऊन बस, म्हणजे बघते म्हातारा झालास की नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला तिकीट काढायला सांगितलं. चौदा दिवसांचं, जाऊन-येऊन. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळणार होता.

मुलाने पासपोर्ट उघडला. "बाबा, याची मुदत संपत आलीये. चारच महिने राहिलेत. आधी नवीन करून घ्या."

"चार महिने नऊ दिवस," ते म्हणाले. "मी राहणार चौदा दिवस. हिशेब येतो ना?"

"अहो, एकदा कुणाला तरी विचारून घ्या," बायको आतून म्हणाली.

"तारखांचं तू मला सांगतेस?"

मुलाने पासपोर्ट मिटून तिकीट काढायला घेतलं. त्या घरात या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. पासपोर्ट दहा वर्षं पडून होता. छत्तीस कोरी पानं. न वापरता मुदत संपणं हे त्यांनी आयुष्यभर जवळून पाहिलं होतं, आणि एका बाजूला पडून राहिलेल्या त्या खोक्यांची त्यांना जेवढी लाज वाटे तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नसे. निदान एकदा तरी या पुस्तकाचा उपयोग व्हावा. नवीन काढायचा म्हणजे हा रद्द होणार. चार महिने नऊ दिवस जिवंत असलेली वस्तू आपल्या हाताने कशी मारायची?

विमान दुपारचं होतं. मुलगा आणि बायको आत शिरायचे पास काढून काउंटरपर्यंत सोडायला आले. काउंटरवरच्या मुलीच्या गळ्यात रुमाल होता आणि नखं खूप नीट कापलेली होती. तिने पासपोर्ट उघडला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे.

"काका, यावर नाही जाता येणार."

"का? मुदत आहे."

"आहे. पण त्या देशाला सहा महिने लागतात. तुम्ही तिथे पोचता त्या दिवसापासून पुढे सहा महिने."

"मी चौदा दिवसांत परत येतोय. हे परतीचं तिकीट."

"ते बरोबर आहे काका, पण नियम तसा आहे." ती वैतागलेली नव्हती. तिने बाजूच्या माणसाला हाक मारली. तो वयाने मोठा होता आणि त्याच्या कोटाला पेन लावलेलं होतं. त्याने पासपोर्ट हातात घेतला आणि तारखेवर अंगठा ठेवला.

"बघा काका, तुम्ही चौदा दिवसांचं म्हणताय, मी मान्य करतो. पण तिथे आजारी पडलात तर? काही कारणाने अडकून पडलात तर? मध्येच मुदत संपली तर तुम्ही त्यांच्या गळ्यात. म्हणून ते दारातच थांबवतात. आम्ही तुम्हाला बसवलं तरी तिथून परत पाठवतील, पुढच्या विमानाने. त्यापेक्षा इथून परत गेलेलं बरं."

मुलगा तावातावाने पुढे झाला. "अहो, तिकीट काढताना हे सांगायला नको? ताबडतोब कुणाशी तरी बोलायचंय मला."

"बाबा रे, थांब," ते म्हणाले.

"थांब काय? बाबा, आत्या तिकडे वाट बघतेय."

"त्याचं बरोबर आहे."

मुलाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यांना भोवळ आली आहे. बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, एरवी रस्त्यावरच्या पोलिसाशी भांडता. आता बोला ना काही."

"काय बोलू? एकतीस वर्षं मी हेच सांगून लोकांना परत पाठवलं. याच शब्दांत." त्यांनी पेनवाल्या माणसाकडून पासपोर्ट परत घेतला. "चल, वळव," ते मुलाला म्हणाले, आणि मुलाने सामानाची ढकलगाडी वळवली.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांना आपली चूक दिसली. ती एवढी सरळ होती की कुणाला समजावून सांगायची गरज पडली नसती. ते स्वतःला खिडकीतून बाहेर जाणारा माल समजत होते. लगेच वापरून संपणारा. आणि समोर दरवाजा होता. दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा दरवाजा, ज्यावर आपल्यासारख्याच कुणीतरी पाटी लावून ठेवली होती. आपण आत येणारा माल आहोत, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माणूस स्वतःला नेहमी बाहेर जाणाराच समजतो.

बराच वेळ त्यांनी फोन हातात धरून ठेवला. मग लावला.

"निघालास का रे?" ताईचा आवाज.

"नाही. परत पाठवलं."

"कुणी?"

"पासपोर्टला मुदत कमी पडली."

 ती हसायला लागली. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. "तुझ्या पासपोर्टला? बारक्या, अरे, दुसऱ्या कुणाचा असता तर मी समजले असते."

"हस हस."

"हसू नको तर काय करू? किती दिवस लागतील आता?"

"तातडीने केला तर आठ-दहा. पोलिसांची चौकशी लांबली तर वीस."

"दहा वर्षं थांबले, वीस दिवसांनी काय बिघडतंय," ती म्हणाली. तिने ते टोमण्यासारखं म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण फार रेंगाळू नकोस हं. सकाळी भिंतीवरचं घड्याळ दिसायचं मला. या आठवड्यात काटे दिसत नाहीयेत."

पासपोर्ट कार्यालयात तातडीच्या रांगेत ते पहिले होते. टेबलापलीकडचा अधिकारी तरुण होता, पण त्याच्या डोळ्यांखाली म्हाताऱ्यासारख्या पिशव्या होत्या. त्याने जुना पासपोर्ट चाळला. अंगठ्याने पानं सोडत गेला, पत्त्यांसारखी.

"एकही शिक्का नाही काका?"

"नाही."

"अगदी नव्यासारखा ठेवलात. लोक काय चिंध्या करून आणतात." तो कौतुकाने म्हणाला होता. त्यांनी मान हलवली आणि टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले.

अधिकाऱ्याने कात्री घेतली आणि मुखपृष्ठाचा कोपरा कापला. आवाज अगदीच किरकोळ झाला. मग आत रद्दचा शिक्का मारून तो त्यांना परत केला. त्या पुस्तकात उमटलेला तो एकमेव शिक्का. त्यांनी तो उघडून नीट वाळू दिला.

"तातडीचं कारण लिहायचं राहिलंय," अधिकारी अर्ज पुढे सरकवत म्हणाला.

त्या चौकोनात जागा थोडी होती. त्यांनी आधी 'आजारपण' लिहिलं. मग ते खोडलं, कारण ताई तशी आजारी नव्हती. वर बारीक अक्षरात लिहिलं: मोठ्या बहिणीला माझा चेहरा दाखवायचा आहे.

अधिकाऱ्याने वाचलं.  अर्ज डाव्या गठ्ठ्यात जात होता, तो त्याने उजव्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

तरी चौकशीत दिवस गेलेच. ते रोज सकाळी जिन्याखालच्या टपालपेटीपाशी जायचे, दुपारी एकदा, आणि मुद्दाम काहीतरी आणायला निघून संध्याकाळी एकदा. बायको म्हणाली, "पेटीला पाझर फुटणार नाहीये असं बघून." पण तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या आधी तीच जाऊन बघायला लागली, दुखऱ्या गुडघ्यांनी, कठड्याला धरून. रोज रात्री ताईला फोन व्हायचा. डोळ्यांबद्दल ते विचारायचे नाहीत. ती आपणहून सांगायची, हवापाणी सांगावं तशी. आज पायरी दिसली नाही. आज नातीने लाल सदरा घातला होता म्हणे, मला काळा वाटला. ते ऐकायचे आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ आरशासमोर उभे राहायचे. दाढी करायला गेले की ती अर्धी राहायची. आपल्या चेहऱ्यात तिला ओळखू येईल असं काय उरलं आहे, हे ते बहुधा शोधत असावेत. केस गेले होते. गाल गेले होते. कान तेवढे तसेच होते, जरा बाहेर आलेले. लहानपणी ती त्यांना त्याच कानांना धरून अभ्यासाला बसवायची.

सतराव्या दिवशी नवा पासपोर्ट आला. दहा वर्षांचा. ते तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. मुलगा गमतीने म्हणाला, "आता बाबा, दहा वर्षं आरामात." त्यांनी दुसऱ्याच दिवशीचं तिकीट काढायला लावलं.

काउंटरवर या वेळी दुसरी मुलगी होती. तिला दोन मिनिटंही लागली नाहीत.

विमान पहाटे निघून तिकडच्या दुपारी उतरलं. व्हिसाच्या रांगेत उभे असताना फोनवर भाच्याचा निरोप आला. मामा, आम्ही बाहेर कठड्यापाशी आहोत. आईचा डावा डोळाही या दोन दिवसांत बराच उतरला आहे. माणसं तिला सावल्यांसारखी दिसतात, लांबून कळत नाहीत. बाहेर आलात की लांबूनच हाक मारा, म्हणजे तिला समजेल.

त्यांनी निरोप दोनदा वाचला. शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं, त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. बॅग घेतली. शेवटची काचेची दारं आपोआप उघडत आणि मिटत होती. दर उघडण्यात पलीकडचा कठडा दिसायचा, त्यावर रेललेली माणसं, फुलं, नावांचे कागद.

तिसऱ्यांदा दारं उघडली तेव्हा त्यांना ताई दिसली. एवढीशी झाली होती. भाचा शेजारी फोनमध्ये डोकं घालून उभा होता. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला होता आणि मान पुढे काढून ती बाहेर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत होती. एक उंच गृहस्थ गेला, तिने मान वळवून त्याला बघितलं, मग सोडून दिलं. एक बाई गेली. तिलाही सोडलं. ती नुसती उभी नव्हती. ती कामाला लागली होती. मिळेल तेवढ्या उजेडात एकेक सावली तपासत होती, हा नाही, हा नाही, आणि तिच्या कपाळावर त्या मेहनतीच्या आठ्या होत्या.

हाक त्यांच्या गळ्याशी आली होती. एका हाकेत सगळं सोपं झालं असतं. ती आवाजाकडे वळली असती, हसली असती, बारक्या म्हणाली असती, आणि मग चेहरा तिने पाहिला की नाही हे दोघांनाही कधी विचारावं लागलं नसतं.

त्यांनी विमानातल्या गारठ्यासाठी घातलेली कानटोपी काढून खिशात घातली, म्हणजे कान मोकळे झाले. दारं पुन्हा उघडली. ते बॅग ओढत, मान सरळ ठेवून, न बोलता बाहेर पडले.