आईला सगळं आठवत होतं

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत तेव्हा डोक्याचा एकच आजार माहीत होता: माणूस विसरायला लागला की तो आजारी. आई काहीच विसरत नव्हती. दूधवाल्याचे खाडे, शेजारच्या मुलांचे वाढदिवस, कोणाची वाटी कोणाकडे राहिली, सगळं तोंडपाठ. म्हणजे ती आजारी नव्हती, ती माजली होती. हा निकाल बायकांनी जिन्यात उभं राहून लावला. त्या जिन्याची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं.

साठीही गाठली नव्हती तिने. शेजारणीचा आवाज जरा बसला तरी ‘काय गं, भांडण झालं का?’ असं विचारणारी ही बाई. आणि मामा गेला तेव्हा, सख्खा धाकटा भाऊ, सटाण्याच्या त्याच्या घरात मामी जमिनीवर पडून आक्रोश करत होती आणि आईने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “जेवणाचं काय केलंय?” मी चिमटा काढला. “चिमटे काय काढतेस? भूक लागलीय,” ती म्हणाली. चेहऱ्यावर ना दुःख, ना ओशाळलेपण.

मामीने तेव्हापासून आईशी बोलणं टाकलं. कोणी माझी बाजू घेऊन आजाराचं काढलं की ती तिच्या अहिराणीत फटकन म्हणायची, “तिले समदं याद शे, मंग कसाना आजार?”

डॉक्टरही त्याच मताचे निघाले. त्यांनी आईला तारीख विचारली, पंतप्रधान विचारले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. आईने धडाधड सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. या वयात बायकांचा स्वभाव बदलतो. कामात गुंतवा.” हे सगळं चाललं असताना मी शेजारच्या खुर्चीत रडत होते आणि आई त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट गरागरा फिरवत होती. पोटची मुलगी रडतेय आणि आईचं लक्षही नाही, हे त्या शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर घडत होतं. त्याला मात्र वजाबाकी बघायची होती!

मेंदूचा पुढचा भाग आधी झिजणारा एक आजार असतो, त्यात आठवणी बराच काळ शाबूत राहतात आणि समोरच्याचा चेहरा वाचणं आधी जातं, हे मला मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी पुढे काही वर्षांनी सांगितलं. तोवर कॉलनीचा निकाल लागून गेला होता.

मुंबईला जाण्याआधीच्या एका संक्रांतीला मामी मोतीबिंदूसाठी नाशकात आली आणि नाइलाजाने आमच्याकडे उतरली. आईचं हळदीकुंकू ठरलेलं. बायका येऊ लागल्या तशी मामी, कोणी न सांगता, उठून स्वयंपाकघरात जाऊन बसली. नवरा गेलेल्या बाईने तिथेच बसायचं असतं. बाहेरच्या एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आईलाही पूर्वी वाटलं नसतं. हे रिवाज ती सगळ्यांत कडक पाळायची.

आई करंडा घेऊन ओळीने कुंकू लावत आली आणि ओळ संपल्यावर थांबलीच नाही. तशीच आत गेली. मामीच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, तिच्या हातात वाण ठेवलं. बाहेरच्या बायका माना वळवून बघू लागल्या.

मामीला वाटलं, नणंदेने आपला अबोला पोटात घातला. “आक्का!” म्हणून तिने आईच्या गळ्यात हात टाकले आणि हमसून रडायला लागली. आईने ते हात काढले. “सरक बाजूला. तिळगुळाचा डबा तुझ्यामागे आहे.”

मामीने तिच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “पोरी, हिले मन्हं रडनं दिसतच नही.”

एवढं कळायला दुसरी कुठली परीक्षा लागली नाही.

बाहेर कुजबुज सुरू झाली होती. एक जण म्हणाली, “सणासुदीला काय हा अपशकुन! ताळतंत्रच सोडलंय बाईंनी.” दुसरीने कपाळावर पदर ओढला. मला त्यांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. आईने ते दयेपोटी केलं नव्हतं. तिच्यातून दया गेली होती, तसा रिवाजही गेला होता. या बायकांचे मेंदू मात्र धडधाकट होते. दारापलीकडे एक बाई एकटी बसलीय हे त्यांना दिसत होतं आणि तरी त्या निवांत तिळगूळ खात होत्या.

मामी बाहेर आली. कुंकू तसंच होतं. सतरंजीवर बायकांच्या मधोमध बसली.

“ती आजारी शे,” मामी म्हणाली. “तुमले काय व्हयनं?”

आई येऊन मामीशेजारी टेकली, तिच्या बशीतला तिळाचा लाडू न विचारता उचलला आणि खाऊ लागली. मामीने बशी तिच्याकडे सरकवली.