तोफेचं कडं

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात कचेऱ्यांसमोर ज्या काही जुन्या तोफा होत्या, त्या सगळ्यांना एकच रंग असायचा. लोखंडी कपाटाला देतात तो चांदी रंग. पंधरा ऑगस्ट जवळ आला की एखादा शिपाई डबा आणि ब्रश घेऊन यायचा आणि तोफेवर, चौथऱ्यावर, चौथऱ्यालगतच्या गवतावरही तो थापून जायचा. एवढा मान मिळाला की पुढं वर्षभर तिच्यावर कुणी टॉवेल वाळत घालायचं, कुणी सायकल टेकवायचं, आणि तोंडात पानाच्या पिचकाऱ्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझ्या मते तोफेची लायकी तेवढीच आहे.

तरी मी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये या तोफा शोधत फिरले, कारण माझ्या बाबांना त्यातली एक हवी होती.

आजोबांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या काळात आमची माणसं वेठीला बांधलेली. देशमुखाचा निरोप आला की हातातलं काम टाकून निघायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही. एकदा निरोप आला तो तोफ ओढायचा. जुन्या गढीवरची तोफ कुठल्याशा मोठ्या साहेबाच्या दौऱ्यासाठी एका कचेरीसमोर शोभेला ठेवायची होती. आपल्या शिवेपर्यंत आपल्या गावानं ओढायची, पुढं पुढच्या गावानं. त्यामुळं ती शेवटी कुठं जाऊन पडली हे आजोबांना कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. घाटाच्या उतारावर ती घसरली, दोर बांधलेलं कडं तुटलं आणि तोफ आजोबांच्या उजव्या पायावरून गेली. दोर त्यांच्या खांद्यावर होता, तो तुटक्या कड्यासकट घरी आला. पाऊल जन्मभर चपटं राहिलं.

ते लोखंडी कडं आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर असायचं. कुणी पाहुणा आला की बाबा ते खाली काढायचे आणि आजोबांनी त्यांना सांगितलेली गोष्ट सांगायचे. तोफ एवढी अवजड, की बैलांनी मान टाकली, बैल खाली बसले, म्हणून माणसं लावावी लागली. "जे बैलाच्यानं झालं नाई, ते माह्या बापानं केलं," हे शेवटचं वाक्य ठरलेलं. बाबांनी आयुष्यभर शाळेत शिपायाचं काम केलं, घंटा वाजवली, दुसऱ्यांचे चहाचे कप विसळले. पण ते वाक्य म्हणताना त्यांची मान अशी ताठ व्हायची, की समोरचाही नीट बसायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला. ती तोफ शोधायची, कडं लावून खात्री करायची, आणि मग सगळ्या नातवंडांना नेऊन दाखवायची.

तेव्हा तालुके फोडून मंडलं नवी नवी झाली होती. जिकडेतिकडे नव्या कचेऱ्या, नव्या तेलुगू पाट्या, आणि कुठं जुनी तोफ मिळाली तर ती आपल्या दारात असावी अशी साहेबलोकांची हौस. गुडीहत्नूरच्या फाट्यावर बस पकडायची, मांडीवर कड्याची पिशवी घ्यायची आणि जायचं. बोथच्या बाजूच्या एका गावातल्या तोफेची दोन्ही कडी शाबूत होती. "हे नोहे, बाई," बाबा म्हणाले आणि तिच्याकडं पाठ करून डबा खायला बसले. तिथल्या माणसानं आम्हाला ऐकवलं, की हिचा गोळा थेट नांदेडात पडायचा. गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत पोचला असता तरी पुष्कळ होतं. उटनूरच्या अलीकडं तर तोफ म्हणून जे दाखवलं तो पाण्याच्या जुन्या पाइपाचा तुकडा होता. गाडीची चाकं लावून, चांदी रंग फासून ठेवलेला. वर झेंडूचा वाळका हार. आम्ही पाइप म्हटल्यावर गावातले चार लोक आमच्यावरच चिडले.

तिसऱ्या उन्हाळ्यात, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात, ती सापडली. बाबा तर तिच्या बाजूनं पुढं निघून गेले होते. कचेरीमागं मोठी तोफ असेल म्हणून ते मागचं आवार बघून आले. मी मात्र फाटकापाशीच थांबले होते, कारण तिचं एक कडं नव्हतं.

शाळेतल्या बाकाएवढी ती तोफ. दोन विटांच्या ओट्यांवर आडवी टाकलेली, अर्थात चांदी रंगाची. बाबा परत आले, मी बोट दाखवलं, आणि ते खाली बसले. खड्यानं रंग खरवडला. पिशवीतून कडं काढून तुटल्या जागी धरलं, फिरवलं, पुन्हा धरलं. बसलं. आमच्या फळीवरचं लोखंड त्या लोखंडावर असं बसलं, की मधे नखही जाईना.

मला वाटलं, आता बाबा हसतील. त्यांनी कडं जमिनीवर ठेवलं, एक हात तोफेच्या तोंडाला लावला आणि दाबला. तोफ ओट्यावर करकरत हलली. साठी उलटलेल्या म्हाताऱ्याच्या एका हातानं हलली.

"ओ आजोबा, हात नका लावू, सर्कारी सामान हाये," कचेरीतला कारकून दारातून ओरडला आणि दात कोरत जवळ आला. त्याला आपल्या तोफेचं फार कौतुक. तोफेजवळच्या पाटीवर काय लिहिलंय ते बाबांनी मला विचारलं, त्यांना तेलुगू वाचता येत नसे. मी वाचून सांगितलं, की ही तोफ अमुक गावच्या देशमुखांनी इथं आणली.

"त्यानं आनली?" बाबा म्हणाले.

"हो त," कारकून म्हणाला. "या वरच्या घाटातून आनली म्हंतेत. मानसं लावून."

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. "एवढ्याशा तोफीले बैल काऊन नाई जुपले?"

कारकुनाला हसूच आलं. "काय आजोबा, घाट हाये तो. बैलाचा पाय मोडला असता त?"

"माणसाचा मोडला," मी म्हणाले.

"हो, तेई झालंच असन," तो म्हणाला, आणि ते अगदी सहज म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आजही त्या माणसाची आठवण झाली की माझ्या तोंडाची चव जाते.

बाबा अजून उकिडवेच होते. मग मी त्यांना हात देऊन उठवलं. तेवढ्यात कारकुनाला कडं दिसलं. त्यानं ते उचललं, तोफेला लावून बघितलं आणि खूश झाला. "हे त आमच्याच तोफीचं हाये. हे जमा करा लागन."

बाबांनी त्याच्या हातातून ते काढून घेतलं. हिसकावलं नाही, फक्त काढून घेतलं.

"हे माह्या बापाची मजुरी हाये," ते म्हणाले. "तेवढीच भेटली त्याले."

बसमध्ये बाबांनी कड्याची पिशवी मांडीवर घेतली. मला आजोबांचा राग आला होता, हे मी लपवत नाही. मुलाला खोटं सांगितलं म्हणून. तो राग दोन थांबे टिकला. मग माझ्या लक्षात आलं, की चपट्या पायाचा माणूस आपल्या लहान पोराला आणखी काय सांगणार होता? बैल महाग होता, मी नव्हतो, असं?

नातवंडांना घेऊन आम्ही तिकडं कधी गेलो नाही. कडं पुन्हा फळीवर गेलं आणि पाहुणा आला की खाली येत राहिलं. पण बाबांनी गोष्ट बदलली. बैलांनी मान टाकल्याचं त्यांनी गाळलं, शेवटचं वाक्यही गाळलं. पूर्वी दर वेळी थोडी वाढत जाणारी तोफ आता दर वेळी लहान होऊ लागली. आधी बाकाएवढी, मग मुसळाएवढी. शेवटी अंथरुणावरून माझ्या धाकट्याला सांगितली तेव्हा ती कुणीही काखेत मारून नेली असती एवढी उरली होती. ओढणारी माणसं मात्र त्यांनी एकही कमी केली नाहीत.