आबाजींच्या घराची फेरणी आणि न बोलणारा पोरगा

उशिराबद्दल आधी माफी मागतो. आबाजींच्या घराला कधी जावे, कसे जावे, असे तुमच्यापैकी काहींनी विचारले त्याला दोन उन्हाळे होऊन गेले. मी एका बोटाने टाइप करतो, त्यात शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती. एक ओळ लिहितो, दोन पुसतो. शिवाय मी तिथे पहिल्यांदा गेलो ते ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास. माझ्या जुन्या माहितीवर कोणी निघाले आणि उन्हात अडकले तर पाप कोणाला, ही काळजी निराळी. पण त्या पहिल्या जाण्यासारखे जाणे पुन्हा झाले नाही, म्हणून तेच सांगतो. आजची माहिती मधे मधे येईल.

तेव्हा यवतमाळला माझी पिठाची गिरणी होती. मोठी मुलगी कुंदा लग्नाची. दोन चांगली स्थळे आली आणि गेली, आणि दोन्ही वेळा बायकोचे म्हणणे पडले की मी फार बोललो. मुलाला पगार विचारला, पगाराची कपात विचारली, घरात दमा कोणाला आहे का तेही विचारले. बापाने विचारायचे नाही तर कोणी विचारायचे? असो. तिसरे स्थळ देवळीच्या साडूने सुचवले. तिथून जवळच्या एका खेड्यात आबाजी नावाचे एक जुने शिक्षक होऊन गेले. त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेले मातीचे घर गावाने जसेच्या तसे ठेवले होते आणि लोक ते पाहायला येत. ते घर सांभाळणाऱ्या गृहस्थांचा पुतण्या, वसंता. वर्धेला कॉलेज करून परत आलेला आणि घराच्या देखभालीत काकांच्या हाताखाली लागलेला.

साडूने सांगितले होते, शुक्रवारी या. पण शुक्रवारी लग्नाची दाट तिथी होती. बसला वऱ्हाड लोटेल, कुंदाला उभे राहावे लागेल, तिला चक्कर येईल, या विचाराने मी गुरुवारीच निघालो. बायको गिरणी पाहायला मागे राहिली. कुंदाला एवढेच सांगितले की एक जुने घर पाहायला जायचे आहे. "बरं," एवढेच ती म्हणाली.

सकाळच्या पहिल्या एसटीने कळंबवरून देवळी. वैशाखात जाणार असाल तर हीच वेळ धरा, आजही. रस्ता आता गुळगुळीत आहे, तेव्हा खिडकीच्या काचा दात वाजवल्यासारख्या वाजत. दोन्हीकडे वखरलेली काळी राने, उन्हात तडकलेली. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, पिशवीत पाण्याची सुरई. देवळीला स्टँडसमोर आलुबोंडा आणि रस्सा खाल्ला. रस्सा झणझणीत होता, पोट बिघडेल म्हणून मी अर्धाच घेतला, कुंदाने माझा उरलेलाही संपवला. पुढे वर्ध्याच्या बसने एका फाट्यावर उतरायचे. मी कंडक्टरला इतक्यांदा विचारले की त्याने वैतागून आम्हाला अलीकडच्याच फाट्यावर उतरवून दिले. "हेच हाय तुमचं, उतरा लवकर!"

म्हणून आम्ही वाट सोडून शेतांतून चालत, घराच्या मागच्या बाजूने, विहिरीकडून आत शिरलो. तुम्ही तसे करू नका. समोरच्या फाटकानेच जा. का ते पुढे कळेल.

घर पाहून पाय दमल्याचे विसरलो. तीन खोल्या, ओसरी, पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंती, हात लावला तर वैशाखातही गार. आबाजी जमिनीवर बसून काम करत, म्हणून खिडक्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्याने पाहाल तर नुसती भिंत दिसेल, बसलात की सारे शिवार. कोनाड्यात पितळी तांब्या, कोपऱ्यात जाते, चरखा, एक घोंगडी. तिकीट नव्हते, आजही नाही. पेटी आहे, वाटले तर टाका.

पण त्या दिवशी घराला डोकेच नव्हते. पावसाळ्याआधीची कवेलूंची, म्हणजे कौलांची, फेरणी चालली होती. जुनी कवेलू उतरवायची, पालापाचोळा, उंदरांची घरटी काढायची, फुटकी बाजूला करून बाकीची पुन्हा रचायची. मातीचे घर दरवर्षी असे थोडे नवे केले नाही तर जुने राहत नाही. गावातली आठ-दहा माणसे-बाया रांगेने उभी, हातोहात कवेलू वर चाललेली. छपरावर महादेव नावाचा रचणारा कारागीर, आणि शिडीच्या टोकाला एक उंच, सावळा पोरगा, कमरेला दुपट्टा बांधलेला.

"पाव्हणे कुठले?" महादेवने वरूनच विचारले.

"यवतमाळचे. घर पाहाले आलो."

"पाहा नं जी! आज तं वरून बी पाहाले भेटते, आभाळ बी दिसते!"

सारे हसले. मी हळूच विचारले, वसंता कोण? रांगेतल्या म्हातारीने शिडीवरच्या पोराकडे हनुवटी केली. मी शिडीखाली गेलो, नमस्कार केला, म्हटले, "काका आहेत का घरी?" त्याने हात जोडले, हसला, आणि वर्ध्याच्या दिशेला बोट दाखवले. मी म्हटले, "कवा येतीन?" त्याने बोटाने मावळतीकडे दाखवले. मी विचारले, "तुमचं शिक्षण कुठवर झालं?" तो नुसता हसला आणि पुढचे कवेलू घेतले.

साडू असा कसा? पोरगा मुका आहे हे सांगितले नाही! कोणाला विचारायचीही हिंमत होईना. विचारले आणि "हाव" म्हणाले तर? शेवटी म्हातारीला म्हटले, "मावशी, हा पोरगा... बोलत नाई का?"

ती बोलण्याआधी छपरावरून महादेव म्हणाला, "बोलते नं! पन ज्याच्याशी पटते त्याच्याशीच बोलते. तुमच्याशी नाई पटलं दिसत!"

पुन्हा हशा. मी ओसरीच्या सावलीत जाऊन बसलो. कुंदा कुठे दिसेना. ती पाणी प्यायला समोरच्या बाजूला गेली होती. परत आली ती मी तिला काही सांगायच्या आत रांगेत उभी राहिली. एक बाई लेकराला पाजायला बसली होती, तिच्या जागी. शिडीच्या अगदी खाली.

"कुंदे, ऊन हाय!"

"तुम्ही सावलीतच बसा, बाबा."

आता आमच्या गिरणीतली एक गोष्ट सांगायला हवी. पट्टा फिरू लागला की कानाशी ओरडूनही ऐकू येत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांना हाताची भाषा येते. चिमूट चोळली की बारीक दळ. तळवा हलवला की भरड. दोन्ही मुठी एकमेकींवर टेकवल्या की दळण झाले, पट्टा उतरव. कुंदा बोलायला शिकली त्याच्या आसपासच हे शिकली. आणि आता मी पाहतो तर ती शिडीवरच्या त्या पोराशी हेच हात करत होती. थांब. दे. पुरे. तो पोरगा घटकाभरातच शिकला. मग ती माझ्याकडे तिरके पाहून चिमूट चोळत काहीतरी दाखवू लागली. मला नको ते कळले. बाप फार बारीक दळतो, असे ती सांगत होती! त्याला काय उमगले देव जाणे, पण दुपट्ट्यात तोंड लपवून हसला.

दुपारी जेवण झाले. भाकर, बेसन आणि कांदा-कैरीचा टक्कू, पळसाच्या पानावर. आजही फेरणीच्या दिवशी गेलात तर असेच पान मिळते, नाही म्हणू नका. मी पान अर्धेच ठेवले. कुंदाला बाजूला घेतले.

"चल, दुपारची बस भेटते."

"काम अर्धं टाकून? संध्याकाळची बी हाय नं."

"अवं, तुले समजत नाई. तो पोरगा..."

"काय तो पोरगा?"

काय सांगणार? मी तर तिला घर दाखवायला आणले होते. "काई नाई," म्हटले आणि पुन्हा ओसरीत बसलो. दुपारभर माझ्या डोक्यात एकच चक्र. पोरगी भोळी आहे, कीव करते आहे. हिला हा आवडला तर? नाही म्हणालो तर हिच्या मनातून मी तिसऱ्यांदा उतरेन. हो म्हणालो तर बायको मला घरात घेणार नाही. आणि इतके करून तो पोरगा वाईट वाटत नव्हता, हीच मोठी पंचाईत. उन्हात म्हातारीच्या हातचे कवेलू तो दोन पायऱ्या खाली उतरून घ्यायचा, तिला हात उंच करू द्यायचा नाही.

सूर्य कलला तेव्हा शेवटची ओळ बसली. ओसरीतली घंटा वाजली, सगळे हात-पाय धुऊन अंगणात बसले, प्रार्थना झाली. प्रार्थनेत तो पोरगा खणखणीत आवाजात गात होता. मी डोळे उघडून पाहतच राहिलो. प्रार्थना संपताच तो कुंदाकडे वळून म्हणाला, "तुम्ही सारे कवेलू उलटे देऊन राह्यल्या होत्या. निमुळतं तोंड माझ्याकडं पाहिजे होतं."

"अन् तुम्ही सारे फिरवून घेऊन राह्यले होते," कुंदा म्हणाली. "मले हातानं सांगता नसतं आलं?"

"म्हटलं, सांगितलं तं तुम्ही लाजून रांग सोडान."

माझ्या तोंडून निघाले, "अरे, तू बोलतेस!"

महादेव तर पोट धरून बसला. मग म्हातारीनेच मला सांगितले. आबाजी हयातीत दर गुरुवारी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत मौन पाळत, म्हणून घर सांभाळणारे आजही ते पाळतात. समोरच्या फाटकावर तशी पाटीच लावली आहे. मी विहिरीकडून आलेलो. मग मी सांगितले, आम्ही यवतमाळचे गिरणीवाले, उद्या येणार होतो. हे ऐकल्यावर मात्र वसंताला खरोखरच बोलता येईना. मातीने भरलेले हात त्याने पाठीमागे लपवले.

देवळीला साडूकडे जाताना मी कुंदाला म्हटले, "तुले केव्हा समजलं?"

"पाणी प्याले गेली तवाच. पाटी वाचली नं."

"मग मले सांगितलं काऊन नाई?"

"तुम्ही त्याले पाहाले आलते, बाबा, त्याचं शिक्षण विचारलं तवाच समजलं. मी सांगितलं असतं तं तुम्ही चिठ्ठी लिहून लिहून पगार विचारला असता. मले पाहाले भेटलंच नसतं."

म्हणजे तिला सारे ठाऊक होते. पण पसंत की नापसंत, ते तिने सांगितले नाही, आणि विचारायला साडूच्या घरात आडोसा नव्हता. सकाळी परतीच्या बसमध्ये ती तिथी आडवी आलीच. वऱ्हाड, बँडवाले, रडणारी पोरे. कुंदा दोन सीट पुढे, मी मागे दांडा धरून उभा. कळंबच्या अलीकडे मला राहवेना. ओरडून विचारले, "काय म्हनू मंग साडूले?" तिला ऐकू आले नाही. पुन्हा ओरडलो, बँडवाले वळून पाहू लागले. तिने मान वळवली, मला शांत व्हायची खूण केली आणि दोन्ही मुठी एकमेकींवर टेकवल्या.

दळण झाले. पट्टा उतरवा.

मी त्या गर्दीत हसत उभा होतो. बँडवाल्याला वाटले असेल, म्हाताऱ्याला ऊन लागले. तेव्हा तर मी म्हातारा नव्हतोही.

लग्न त्याच वर्षी झाले. त्यानंतर सासरा म्हणून त्या घराचे सारे ऋतू पाहिले, तेव्हा तुमच्या सोयीसाठी सांगतो. वैशाखात फेरणी. दिवाळीआधी लिपण, तेव्हा ओल्या मातीचा वास येतो, पण आत जाता येत नाही. पोळ्याला गावचे बैल अंगणात येतात आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल घेऊन. कापूस निघाला की पहिला वेचा ओसरीत आणून त्याचे सूत काततात. मला विचाराल तर थंडीत जा. रस्ता चांगला, देवळीहून ऑटो मिळतो, भाडे मात्र आधी ठरवा.

आता माझ्या गुडघ्यांनी साथ सोडली आहे, बसमध्ये चढवत नाही. कुंदा आणि वसंता अजून तिथेच आहेत, तेच घर सांभाळतात. फोनवर ती म्हणते, "बरी आहे, बाबा." नेहमी एवढेच. गेल्या वेळी आवाज बारीक वाटला. खोकली की मला तसे वाटले, कळत नाही. खोदून विचारले की ती हसते आणि फोन वसंताकडे देते, आणि तो तर तिच्याहून कमी बोलतो. म्हणून तुम्हाला विनंती. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात, तर तिला काही विचारू नका, माझे नावही काढू नका. ओसरीत घटकाभर बसा. वाळली आहे का, उठताना कमरेला हात लावते का, कोणाशी हसते का, एवढे नुसते पाहून या. आणि घरी पोहोचल्या पोहोचल्या मला कळवा. माझ्यासारखा उशीर करू नका.