हुकावरचा अ‍ॅकॉर्डियन

सकाळी वर्कशॉपचं दार उघडलं की मी आधी भिंतीकडे बघायची. देवाला हात जोडायच्याही आधी. तिथे एका जाड हुकाला मॅडमचा लाल अ‍ॅकॉर्डियन पट्ट्यांनी लटकलेला असायचा, गळ्यात अडकवून वाजवायची ती पेटी. तो जागेवर दिसला की मी पर्स ठेवून चहा टाकायची. मॅडम बाकी सगळं सोडून जातील, पण हे धूड मागे ठेवून जायच्या नाहीत, असं आमच्या टेलर मास्टरांचं म्हणणं होतं आणि मला ते पटलं होतं.

दोन हजार आठची मंदी आल्यानंतरचा दुबईतला तो हिवाळा. काल भेटलेला साहेब आज कर्ज बुडवून विमानात, आणि त्याची गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये धूळ खात, किल्ली आतच. रोज कुणीतरी असली एक गोष्ट आणायचं. नवऱ्याला कंपनीने आधीच ठाण्याला परत पाठवलं होतं. मुलीचा व्हिसा हजार खटपटी करून माझ्या नोकरीवर घेतला होता, आणि तिची दहावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. माझी नोकरी गेली की आम्ही दोघी खलास. त्यात आम्हा कामगारांचे पासपोर्ट मॅडमच्या तिजोरीत. तेव्हा पुष्कळ मालक ठेवायचे आणि आम्हालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. पण मालकच पळाला तर तिजोरी कोण उघडणार, हे आता सुचायला लागलं होतं.

मॅडम ब्रिटिश. तरुणपणी एका बँडमध्ये गायच्या. स्टेजवर घालायला धड कपडे नव्हते, म्हणून भाड्याच्या खोलीतले पडदे कापून कोट शिवला, आणि गाण्यापेक्षा कोटाचीच चर्चा जास्त झाली. झाल्या डिझायनर! शिकल्या कुठे? कुठेच नाही. छत्रीचं कापड, बागेचा पाइप, गाड्यांचे सीटबेल्ट, हाताला लागेल त्याचे कपडे. लंडनमध्ये नाव झालं, मग त्याचा कंटाळा आला, मग तेजीतली दुबई. इथे रोज एक हॉटेल उघडत होतं आणि प्रत्येकाला उद्घाटनाला काहीतरी अचाट हवं असायचं. शोमध्ये मॉडेल्सच्या मागून मॅडम स्वतः अनवाणी, अ‍ॅकॉर्डियन वाजवत यायच्या.

अल बर्शातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी पॅटर्न कापायची. कोर्सला मला शिकवलं होतं की शिवण आत आणि सफाई बाहेर. आणि ही बाई म्हणते, शिवण बाहेर काढ, धागे लोंबू देत! मी वैतागून मास्टरांना विचारलं, "अहो, हिला कपड्यांतलं काही कळतं का?" मास्टर रत्नागिरीकडचे, मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "कळत असतं तर एवढं नाव झालं असतं काय, ताई?"

मग हॉटेलं उघडायची थांबली. एकेक कारागीर घरी गेला आणि आम्ही तिघंच उरलो. मॅडमनी कुठून तरी अबू धाबीकडच्या मुसफ्फामधल्या कारखाना-कामगारांच्या ओव्हरऑलचं काम आणलं. निळे, जाड, सगळे सारखे. स्वतः मशीनवर बसून शिवायच्या, तोंडातून अवाक्षर नाही. पूर्वी त्या कर्कश्श आवाजात गायला लागल्या की मी डोकं धरायची. आता वाटायचं, गा गं बाई, काहीही गा, पण अशी गप्प बसू नकोस.

आणि एके सकाळी हूक रिकामा.

मॅडमचा पत्ता नाही, फोन बंद. मास्टर म्हणाले, "येतील, इन्शाल्ला," पण त्यांनाही सुईत दोरा ओवता येईना. दिवसभर आम्ही दाराकडे बघत ओव्हरऑल शिवले. संध्याकाळी मास्टर उठले. "चला ताई. एअरपोर्टचं पार्किंग बघून येऊ."

मॅडमची गाडी लाखात ओळखू येणारी. पिवळी, आणि अंगावर पियानोच्या काळ्या पट्ट्या स्वतः रंगवलेल्या. आम्ही धुळकट गाड्यांच्या रांगांमधून चालत होतो आणि मी मनात घोकत होते, नसू दे, नसू दे. मुलीचा फोन आला. तिला सांगितलं तर म्हणते, "आई, यू आर बीइंग ड्रमॅटिक." तेवढ्यात मास्टर थांबले. समोर पिवळी गाडी.

"पळाली!" मी ओरडले. "मेली पळाली हो मास्टर! माझ्या पोरीचं वर्ष बुडवलं हिने!" मी तिथेच कट्ट्यावर बसले आणि ढसाढसा रडले.

टर्मिनलच्या बाजूने कुणीतरी वाकून चालत येत होतं. पाठीवर लाल पेटी. मॅडम. आम्हाला बघून त्या जागीच थबकल्या.

"केबिनमध्ये नेऊ देत नाहीत," त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "सामानात टाका म्हणतात. फुटून जाईल." आणि हसल्या. हसताना डोळे सुजलेले दिसत होते. सबंध दिवस त्या आतच बसून होत्या.

त्यांनीच आम्हाला घरी सोडलं. अ‍ॅकॉर्डियन माझ्या मांडीवर, आणि गाडी खड्ड्यातून गेली की तो कण्हल्यासारखा वाजायचा. शारजात अल मजाजला माझ्या बिल्डिंगखाली उतरताना मला राहवेना. "मॅडम, त्यांनी नेऊ दिला असता तर?"

"डोन्ट आस्क मी दॅट," त्या म्हणाल्या.

आमची नोकरी आमच्या प्रेमापोटी नाही, या पेटीपायी वाचली होती. रात्रभर मला तेच टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कटिंगच्या टेबलावर दोन पासपोर्ट ठेवलेले. माझा आणि मास्टरांचा. "घ्या," मॅडम म्हणाल्या. "आता तुम्हीही पळू शकता." त्या दिवसांत पासपोर्ट हातात मिळायचा तो घरी पाठवतानाच. नवरा फोनवर म्हणाला, बरं झालं, मिळेल त्या विमानाने दोघी निघून या. मुलगी मात्र दार लावून अभ्यासाला बसली होती.

त्याच्या पुढच्या सकाळी ट्रॅफिकमध्ये बस अडकली आणि मला चांगलाच उशीर झाला. पोचले तर मॅडम वर्कशॉपच्या दारात उभ्या, हातात थंड झालेला चहाचा मग. चेहरा पांढराफटक. मला बघून त्यांनी श्वास सोडला.

"यू केम," एवढंच म्हणाल्या.

मुलीची दहावी नीट पार पडली. मॅडमनी उरलेल्या निळ्या कापडाचे, शिवण बाहेर काढलेले कपडे केले, आणि ते घालून पुन्हा गायला लागल्या. पुढे त्यांचं पुष्कळ नाव झालं. पण ते वर्षभर आमच्या सकाळी तशाच गेल्या. मी आत आले की आधी हुकाकडे बघायची, आणि मॅडम आल्या की आधी माझ्या खुर्चीकडे.