झंपरावरचा खडूचा गोल

“माप ठेवा नि जावा,” एवढंच ती म्हणायची, तेही मान वर न करता. एक हात मशीनच्या चाकावर, दुसरा दाराकडे पुढे केलेला. आलेल्या बाईने जुनं झंपर आणि नवं कापड त्या हातावर ठेवायचं आणि मागल्या दाराने परत फिरायचं.

आष्ट्यात आमच्या गल्लीतल्या बायकांची झंपरं तीच शिवायची. वयाने फार मोठी नव्हती, पण मी तिला काकी म्हणायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली, लग्न होऊन या गल्लीत आले, आणि काकीकडे हुक लावायला, हातशिलाई करायला बसू लागले. मला चारचौघांत बोलता येत नाही. काकीही बोलायची ती मशीन चालू असतानाच. पाय थांबला की तीही थांबायची. पुढे सोप्यात तिच्या सासूबाई बाजेवर बसलेल्या असत, आणि त्यांचे कान चांगले होते.

तुम्हीही पाहिलं असेल, आमच्याकडे बाईच्या अंगावरून टेप फिरवायची पद्धत नव्हती. जुनं झंपर हेच माप. काकी ते हातात धरून म्हणायची, “झंपर लग्नातलं हाय, बाई आत्ताची हाय.” मग अंदाजाने दोन बोटं जास्त सोडायची. झंपर नीट बसायचं.

ती स्वतः घराबाहेर पडत नसे. घराण्याची रीतच होती तशी. नवरा तोफखान्यात, वर्षातून एकदा सुटीवर यायचा. दोरे, हुक, अस्तर आणायला सांगलीला मीच जायचे.

आणीबाणी उठली त्या साली श्रावणात एका दुपारी ती नुसतीच मशीन मारत होती.

“काकी, खाली कापड न्हाई.”

“ठावं हाय मला.” पाय चालूच होता. “डाव्या अंगाला गाठ आलीया. दुखत न्हाई. पर हाय.”

“सासूबाईंना सांगितलंसा?”

“सांगितलं की माहेरला धाडतील. आन् ह्यांच्यासाठी दुसरी बघतील.” भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती.

पुढच्या खेपेला तिने माझ्या पिशवीत दोऱ्यांच्या नमुन्यांखाली स्वतःचं एक जुनं झंपर घातलं. त्याच्या डाव्या बाजूला खडूने एक गोल काढला होता. बाहीच्या मुंढ्याजवळ, काखेशी आणखी एक, लहान.

“सांगलीच्या सरकारी दवाखान्यातल्या डाक्टरीणबाईला दाव. माप बरोबर हाय म्हणावं.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मापावरून सगळ्या गल्लीचं अंग तिला कळत होतं. तिचंही कुणाला तरी कळेल असं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी झंपर टेबलावर पसरलं. त्या हसल्या नाहीत. मुंढ्याजवळच्या लहान गोलावर त्यांचं बोट थांबलं.

“या का आल्या नाहीत? पाय नाहीत का?”

“सासूबाई आहेत,” मी म्हणाले.

तेव्हा त्या थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, “गाठ पाण्याची की भरीव, ते कापडाला विचारून कळत नाही. आता मुंबईत एक यंत्र आलंय. अंगात आवाज सोडतात. तो आपल्याला ऐकू येत नाही, पण आत आपटून परत येतो, आणि गाठीत पाणी आहे का ते पडद्यावर दिसतं. पण त्या यंत्रालासुद्धा बाई लागते.”

मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. काकीने त्यातलं यंत्र तेवढं उचललं.

“कापत न्हाईत? नुसतं ऐकत्यात?”

“आधी बघतात. मग काय ते ठरवतात.”

“जाड कापडातनं आवाज जायचा न्हाई,” ती म्हणाली, आणि दोन दिवसांत मलमलीचं झंपर शिवून पेटीत ठेवलं. यंत्रापुढे घालायला.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाई स्वतःच आष्ट्याला आल्या. सासूबाईंना म्हणाल्या, झंपर शिवायचंय.

“मापाचं आणलंसा?”

“विसरले. अंगावरूनच घ्यावं लागेल.”

“शिकल्याल्या बायका इसरायच्याच,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना आत सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी दार लोटलं. कुणी काही न सांगता मी मशीनवर बसले आणि चालवत राहिले. पाठमोरी होते. दोघींचं बोलणं मला तुटक तुटक ऐकू येत होतं.

“भरीव आहे. काखेतही आहे. काढायला हवी, आणि लवकर.”

“बोटाला काय दिसतंय, बाई? त्या यंत्राला दावते.”

“यंत्राने गाठ जात नाही. दिसते फक्त.”

“मग दिसू द्या की आधी.”

दिवाळीला नवरा आला. त्याला तिने सांगितलं. आवाजाचं ऐकून तो हसेल असं मला वाटलं होतं. पण त्याने तोफखान्यात रडार पाहिलेलं. “ढगातलं विमान लपत न्हाई, तर गाठ कशी लपंल?” म्हणाला. मात्र सुटी संपत आली होती. पुढच्या सुटीला जाऊ, असं ठरलं.

“डॉक्टरीणबाई लवकर म्हणाल्यात,” मी म्हणाले.

“ह्यांना सुटी सरकार देतंय,” ती म्हणाली. “मला कोन देतंय?”

थंडीत तिचा डावा हात सुजला. मग ती पाय मारायची आणि कापड मी पुढे सरकवायचे. सासूबाईंना वाटायचं, मी शिवण शिकतेय.

उन्हाळ्यात नवरा नव्या सालातली सुटी घेऊन आला. पलटणीतल्या साहेबाच्या घरी लग्न आहे, असं आईला सांगून तो तिला मुंबईला घेऊन गेला. काकी मलमलीचं झंपर घालून, वर पदर घट्ट लपेटून निघाली. पुढल्या दारातून बाहेर पडताना मी तिला तेवढं एकदाच पाहिलं.

ती परत आली नाही.

तिचं दहावं-तेरावं झाल्यावर नवरा एका दुपारी तिच्या खोलीत आला. मी अपुरी राहिलेली झंपरं जिची तिला द्यायला बांधत होते. तो चौकटीला टेकून उभा राहिला.

“पडदा दिसंना म्हनून तिनं डाक्टरला बाजूला सरायला लावलं,” तो म्हणाला. “लय वेळ बघितलं. मग मला म्हनली, आता कापू द्या. कापलं बी. पर पुढं गेलं हुतं.”

मी गाठोडं आवळत राहिले.

“वहिनी, मी वर्षातनं एकदा यायचो. तुमी रोज हितं बसायचा. काय बोलायची ती?”

मला खूप आठवलं. पण पदर धरून खाली बघत राहिले. तोही थांबला, मी बोलेन म्हणून.

सोप्यातून सासूबाईंचा आवाज आला, “कुनाशी बोलतोयस रं?”

“कुनाशी न्हाई, आई,” तो म्हणाला.