न्हाणीमागची भाजी

संयोगिता लग्न होऊन कडेगावजवळच्या त्या गावात आली, तेव्हा घराच्या तिन्ही बाजूंना ऊस उभा होता. मागच्या दाराची कडी काढावी तर समोर पाचटाची भिंत. साल एक्क्याण्णव. नवरा जयराज फौजेत, लग्नाची सुट्टी संपवून तो परत गेला. घरात उरले सासरे लालासाहेब, सासू राहीबाई आणि ही नवी नवरी.

आठवड्याच्या बाजारातून आणलेली भाजी दोन-तीन दिवसांत संपली. मग डाळ झाली, पिठलं झालं, सांडगे झाले, पुन्हा पिठलं. तेव्हा संयोगितानं भीतभीत विचारलं, "आत्याबाई, रानातनं काय भाजी आणू?"

राहीबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांना हसू आवरेना. "रानात ऊस हाय बाई. उसाची भाजी करतीस काय?"

संयोगिताही हसली, पण मनातून हिरमुसली. तिचं माहेर मेढ्याकडचं, डोंगराच्या उतारावरचं. जमीन म्हणाल तर तुकडे-तुकडे, पण तिची आई बनुबाई हिच्या परसात काय नव्हतं? कुडावर पावटा, छपरावर पडवळ, सांडपाण्याच्या पाटाला अळू. चुलीवर तवा टाकायचा आणि तो तापेपर्यंत भाजी तोडून आणायची, अशी त्या घरची रीत. इथं तर नजर पोचेल तिथवर जमीन, आणि भाजीचं एक पान नाही.

एकदा लालासाहेब जेवून उठले, तेव्हा तिनं पदर सावरत विषय काढला. "मामा, विहिरीजवळ एक कोपरा द्याल का? माळवं लावीन म्हनते."

लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. आवाज चढवायचे नाहीत, पण त्यांचा शब्द घरात शेवटचा असायचा. ते म्हणाले, "पोरी, तितं उसाच्या सऱ्या बसत्यात. पाण्याजवळची जमीन फालतू कामाला घालवायची न्हाई. बाजारात भाजीला काय दुष्काळ पडलाय व्हय?"

विषय संपला. संयोगितानं पुन्हा विचारलं नाही. पण न्हाणीच्या मागं एक जागा होती. आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी तिथं साचायचं, फुटकी कौलं पडायची, चुलीतली राख टाकली जायची. त्या जागेसाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. दुपारी सासू जरा आडवी झाली की संयोगिता कुदळ घेऊन तिकडं जायची. खापऱ्या वेचल्या, दगड बाजूला रचले, उकिरड्यावरचं कुजलेलं शेण घमेल्यानं वाहून टाकलं. हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर हळद लागली. राहीबाईंनी ते बघितलं आणि नुसतं म्हणाल्या, "करू दे. पोरीचं मन रमत असंल तर रमू दे."

पहिल्या वर्षी मन काही फार रमलं नाही. साबणाच्या पाण्यानं मेथी पिवळी पडून बसली. मग कपडे शेवटचे खळबळल्यावर जे पाणी निघतं तेवढंच झाडांकडं वळवायचं, हे तिला हळूहळू कळलं. वांग्याची रोपं हातभर झाली आणि शेजारच्या धोंडुबाईंची शेळी सकाळीच येऊन ती फस्त करून गेली. धोंडुबाई आल्या, हळहळल्या, "मुकं जनावर बाई, त्याला काय कळतंय," म्हणाल्या आणि शेळी तशीच मोकळी ठेवून गेल्या. माहेरचा घेवडा लावला, तर कडेगावच्या उन्हात त्याची फुलं करपून गळाली. दिवाळीला संयोगिता माहेरी गेली, तेव्हा आईपाशी रडायलाच बसली. बनुबाई म्हणाली, "घेवड्याला गारवा लागतो. त्यो न्हाई यायचा तुझ्याकडं. पावटा ने." आणि राखेत घोळून ठेवलेलं बी तिनं लेकीच्या पदरात बांधून दिलं.

जयराज सुट्टीवर आला, तेव्हा बायको त्याला घरात कमी आणि न्हाणीमागं जास्त सापडायला लागली. मग तोही तिकडंच जाऊन बसू लागला. वडिलांसमोर दोघांना मोकळेपणानं बोलता यायचं नाही, तिथं यायचं. त्यानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, तुराट्यांचा मांडव उभा केला. "आता धोंडुबाईची शेळी न्हाई, पलटण जरी आली तरी आत शिरायची न्हाई," म्हणाला. आणि खरोखरच शेळी दोनदा नाक टोचून घेऊन परत गेली.

त्यानंतरचा हंगाम मात्र असा काही आला की विचारू नका. दोडके इतके लागले की मांडव वाकला. राहीबाई आळीत वाटत सुटल्या. घरात रोज दोडका: भाजी दोडक्याची, आमटी दोडक्याची, शिरांची चटणी. शेवटी राहीबाईच म्हणाल्या, "सूनबाई, आज तेवढं पिठलं कर गं." दोघी पोट धरून हसल्या.

लालासाहेब मात्र बरं म्हणत नव्हते, वाईटही म्हणत नव्हते. ताटात येईल ते खात होते. पण थंडीत पावटा भरला आणि संयोगितानं पहिल्या शेंगांची उसळ केली. लालासाहेबांनी भाकरी मोडली, एक घास घेतला आणि थांबले. मग वाटी पुढं सरकवली.

"कुठल्या बाजारातला?" त्यांनी विचारलं.

"न्हाणीमागचा हाय, मामा."

"हं," लालासाहेब म्हणाले, आणि पुन्हा वाटी पुढं केली.

त्या दिवसापासून एक गोष्ट संयोगिताच्या ध्यानात आली. सकाळी विहिरीकडं जाताना मामा न्हाणीमागं घटकाभर थांबायचे. कधी एखादं गवत उपटायचे, कधी खाली लोंबणारा वेल मांडवावर चढवायचे. कुणी बघतंय असं वाटलं की चालू लागायचे.

पुढच्या साली पावटा फुलोऱ्यात आला आणि नेमका त्याच्यावर मावा पडला. कोवळे शेंडे काळे, चिकट झाले. संयोगितानं राख धुरळली, कडुलिंबाचा पाला उकळून शिंपडला, तंबाखूचं पाणी मारलं. मावा दोन दिवस दबायचा आणि पुन्हा उठायचा. त्यातच कराडला नात्यातलं लग्न निघालं, आणि राहीबाईंना घेऊन तिला जावं लागलं. एसटीत बसल्यावरही तिचा जीव मांडवातच अडकलेला.

दुसऱ्या दिवशी दोघी परतल्या, तर लालासाहेब दारातच उभे. चेहऱ्यावर असं काही, जे संयोगितानं आजवर बघितलं नव्हतं. एखादी मोहीम फत्ते करून आल्यासारखं.

"मावा झोडला बघ तुझा," ते म्हणाले. "चांगलं औषध आणलं आन पंप घेऊन सोता मारलं. एक पान सोडलं न्हाई."

"तुमी मारलं, मामा?" तिचा विश्वास बसेना. तिच्या भाजीसाठी मामांनी पाठीवर पंप घेतला होता! त्या आनंदात तिनं लग्नातल्या बुंदीचा पुडा आधी त्यांच्याच हातात ठेवला.

सकाळी ती मांडवाखाली गेली, तर पावट्याचे शेंडे खाली झुकलेले दिसले. ऊन लागलं असेल म्हणून तिनं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी देठ पिळवटले. सुंभाला पीळ द्यावा तसे वेल स्वतःभोवतीच वळत चालले. दोडका तसाच, वांगी तशीच, मिरचीची पानं चुरगळून बारीक झालेली. कडेला लावलेला मका तेवढा हिरवागार, ताठ उभा. गवती चहाच्या बेटालाही काही झालेलं नव्हतं.

संयोगिता मक्याकडं बघत राहिली आणि तिला उलगडा झाला. उसात तण मारायचं औषध मारलं की असंच होतं. रुंद पानाचं सगळं तण पिळवटून मरतं आणि ऊस तेवढा उभा राहतो. ते औषध मारायचा पंप आणि हा पंप एकच. घरात दुसरा पंपच नव्हता.

मागं पावलं वाजली. लालासाहेब आले होते. त्यांनी पावटा बघितला, वांगी बघितली, मग मका बघितला. रिटायर झाल्यापासून उसातच राबणाऱ्या माणसाला सांगायला कुणी लागत नव्हतं. ते जवळच्या दगडावर बसले.

"पंप," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "पाण्यानं इसळला हुता गं मी. नुस्ता इसळला."

  संयोगिताला राग तर आला होता, चांगलाच आला होता. पण रागवायचं कुणावर? जन्मात पहिल्यांदा हा माणूस तिच्यासाठी काहीतरी करायला गेला होता. ती तशीच घरात गेली, परात ओढली आणि भाकरीचं पीठ असं मळलं की राहीबाई चुलीपासून उठून आल्या. मग सगळं कळलं. राहीबाईंनी नवऱ्याला आयुष्यात उलट उत्तर दिलं नव्हतं, ते त्या दिवशी दिलं.

"फौजेत म्हनं बंदूक आरशासारखी पुसून ठेवत हुता. आन एक पंप धुवाया येत न्हाई व्हय तुमास्नी?"

लालासाहेब खाली मान घालून जेवले. रात्री पान खायलाही बसले नाहीत.

सकाळी त्यांनी परीटघडीचे कपडे घातले, टोपी घातली, पिशवी घेतली. "कारखान्याच्या कामाला जातो," म्हणाले आणि निघून गेले. संध्याकाळी आले नाहीत. राहीबाईंचा जीव खालीवर झाला. "माझंच तोंड सुटलं," असं म्हणत त्या दारातून आत, आतून दारात करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लालासाहेब आले. खांद्यावरची पिशवी फुगलेली, कपडे एसटीच्या धुळीनं माखलेले. त्यांनी पिशवी सुनेच्या पुढं ठेवली. आत पुरचुंड्या होत्या. पावटा, पडवळ, कारली, काकडी. एकेका पुरचुंडीला वेगळ्या रंगाच्या चिंधीची गाठ. ती गाठ संयोगितानं लांबूनच ओळखली. तिच्या आईच्या हातची होती.

"मामा, मेढ्याला गेला हुता?"

"गेलो हुतो," लालासाहेब म्हणाले आणि पाय धुवायला निघून गेले.

तिथं काय झालं ते संयोगिताला पुढं आईकडून कळलं. व्याही असा अवचित दारात उभा राहिलेला बघून बनुबाईचं काळीजच हललं होतं. लेकीला काय झालं की काय! चहा ठेवला, तर पाहुणे बसेनात. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या लेकीनं लावलेली भाजी माझ्या हातनं मेली. मला बी पायजे." मग मात्र बसले ते उठेचनात. बी किती खोल टाकायचं, पाणी कवा द्यायचं, मावा आला तर काय करायचं, सगळं विचारत रात्र तिथंच काढली.

न्हाणीमागच्या मातीत औषध उतरलेलं, म्हणून ती जागा तो हंगामभर मोकळी ठेवायची ठरली. तोड झाली, ऊस कारखान्याला गेला, आणि लालासाहेब संयोगिताला विहिरीवर घेऊन गेले. पाटाच्या अलीकडं त्यांनी पावलांनी एक पट्टी मापली. तोडलेल्या उसाची बुडखं तिथं पुन्हा फुटायला लागली होती.

"हितं खोडवा ठेवत न्हाई," ते म्हणाले. "हितं तू लाव."

इथून पुढं सगळं सुरळीत झालं असं मात्र कुणी समजू नये. विहिरीजवळची जमीन काळी, चिकट. लालासाहेब बसले पाटाच्या तोंडाशी, आणि उसाला सोडावं तसं पाणी त्यांनी पावट्याला सोडलं. मुळ्या कुजल्या, निम्मा पावटा गेला. या वेळी संयोगिता गप्प राहिली नाही.

"मामा, माळव्याला तहान लागू द्यावी लागती. ऊस न्हवं त्यो!"

घरातल्या सुनेनं असं तोंडावर बोलावं, हे त्या घराला नवीन होतं.   लालासाहेबांनी हातातलं खोरं तिच्यापुढं धरलं. "धर. तूच सोड पानी. मी खुरपतो."

तेव्हापासून ती वाटणी ठरून गेली. पाणी सुनेचं, खुरपणी सासऱ्याची. भांडणं व्हायचीच. वांग्याला खत किती घालायचं, काकडी कधी तोडायची, बियाला कुठली शेंग राखायची. एका उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि टोमॅटो उभे वाळले. तेव्हा दोघांनी मिळून वाळकी झाडं उपटली आणि जेवताना कुणीच त्याचं नाव काढलं नाही. चांगल्या वर्षी धोंडुबाईंच्या घरीसुद्धा टोपली जायची. शेळी आता दावणीला बांधलेली असायची.

अठ्ठ्याण्णव साली जयराज पेन्शन घेऊन कायमचा घरी आला. नव्या उमेदीचा माणूस, पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळं रान फिरून बघितलं. संध्याकाळी ओसरीवर म्हणाला, "आबा, विहिरीजवळची ती पट्टी उसात घिऊया का? पाण्याला लागून हाय. उतारा लय चांगला पडंल."

लालासाहेब गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "मला काय इचारतोस? ती जागा संयोगिताची हाय. तिला इचार."

जयराज उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. संयोगिता भाजी निवडत बसली होती. त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "आन उद्या रिकामं असाल तर मांडवाला खालनं टेकू द्याया मेढी लागत्यात. बाभळीच्या आणा, जाडजूड."

जयराजनं बापाकडं बघितलं. लालासाहेब तेल चोळतच होते, पण मिशीत हसत होते.